एका चित्रपटाची दोन सालं: फिलिपिनो सिनेमा पाहायला बसण्यापूर्वी

फिलिपिन्सचे चित्रपट पाहायला बसलेला नवखा प्रेक्षक बहुतेक वेळा एकाच ठिकाणी अडतो. समोर झोपडपट्टी दिसते, चर्च दिसतं, संपावर गेलेले कामगार दिसतात, आणि हे सगळं नेमकं कोणाला उद्देशून चाललंय ते कळत नाही. मग तो म्हणतो, चांगला होता पण जड होता, आणि दुसरा चित्रपट लावतच नाही. हे टाळता येतं. त्यासाठी एक साधी वही हवी आणि एक सवय हवी.

सवय अशी: प्रत्येक चित्रपटाच्या पानावर दोन सालं लिहायची. डावीकडे गोष्ट ज्या काळात घडते ते साल, उजवीकडे चित्रपट पडद्यावर आला ते साल. फिलिपिन्सच्या दिग्दर्शकांनी कित्येक वर्षं सेन्सॉरच्या कात्रीखाली काम केलं. सरळ बोलता येत नव्हतं, म्हणून ते डावीकडच्या सालाच्या आडून उजवीकडच्या सालाबद्दल बोलायला शिकले. पुढे बोलायची मोकळीक मिळाली तरी ही रीत गेली नाही. दोन्ही सालं समोर असली की निम्मा चित्रपट आपोआप उलगडतो.

पहिलं पान तारखांचं

चित्रपट लावण्याआधी अर्धा तास काढा आणि वहीच्या पहिल्या पानावर एवढं उतरवून घ्या. १५२१: मॅगेलन येतो आणि मॅक्तान बेटावर लापुलापूच्या लोकांशी लढताना मरतो. १५६५: स्पेनची सत्ता सुरू. १७ फेब्रुवारी १८७२: गोमेझ, बुर्गोस आणि झामोरा या तीन पाद्र्यांना मनिलात सर्वांसमोर गळा आवळून मृत्युदंड. १८९२: आंद्रेस बोनिफासियो ‘कातिपुनान’ ही गुप्त क्रांतिकारी संघटना काढतो. ३० डिसेंबर १८९६: लेखक आणि डॉक्टर होसे रिझाल यांना गोळ्या घातल्या जातात. १२ जून १८९८: काविते प्रांतातल्या कावित गावी एमिलियो आगिनाल्दो स्वातंत्र्य जाहीर करतो. त्याच वर्षी डिसेंबरात पॅरिसच्या तहात स्पेन अख्खा देश २ कोटी डॉलरला अमेरिकेच्या हवाली करतो. ४ फेब्रुवारी १८९९: अमेरिकेशी युद्ध. १९४२ ते १९४५: जपानचा ताबा. ४ जुलै १९४६: स्वातंत्र्य. सप्टेंबर १९७२: राष्ट्राध्यक्ष फर्डिनांड मार्कोस मार्शल लॉ लावतात. जानेवारी १९८१: तो कागदोपत्री उठतो, सत्ता तशीच राहते. २१ ऑगस्ट १९८३: विरोधी नेते निनॉय अकिनो यांची मनिलाच्या विमानतळावर हत्या. फेब्रुवारी १९८६: एड्सा नावाच्या हमरस्त्यावर लाखो लोक उतरतात आणि मार्कोस कुटुंब देश सोडतं.

मराठी वाचकाला मार्शल लॉची कल्पना यावी म्हणून: आपल्याकडची आणीबाणी २१ महिन्यांची होती. तिथला मार्शल लॉ कागदावरच आठ वर्षांहून जास्त चालला. त्याच्या सावलीत सिनेमा शिकलेली एक अख्खी पिढी आहे, आणि या देशाचे सर्वांत मोठे चित्रपट त्याच पिढीचे आहेत.

नाव आणि प्रत तपासा

पहिली अडचण शोधताना येते. एकाच चित्रपटाला तागालोग या तिथल्या मुख्य भाषेतलं नाव असतं, महोत्सवातलं इंग्रजी नाव असतं, कधीकधी सेन्सॉरनं बदलून दिलेलं तिसरंही असतं. इश्माएल बेर्नाल यांचा ‘मनिला बाय नाइट’ १९८० साली ‘सिटी आफ्टर डार्क’ होऊन प्रदर्शित झाला, कारण रात्रीच्या मनिलाचं हे रूप राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी इमेल्दा मार्कोस यांना खपलं नाही. ‘मनिला’ हा शब्द नावातून आणि संवादांतूनही काढायला लावला. तेव्हा नावावर विसंबू नका. दिग्दर्शकाचं नाव आणि साल टाकून शोधा.

तागालोग शीर्षकात ‘एन-जी’ एवढी दोनच अक्षरं दिसली तर तो शब्द ‘नांग’ असा वाचायचा, म्हणजे चा-ची-चे. ‘एम-जी-ए’ दिसलं तर ‘मांगा’, हे अनेकवचनाचं चिन्ह. एवढं माहीत असलं तरी पाटी वाचताना धीर येतो.

प्रत निवडताना लांबी पाहा. ‘ओरो, प्लाता, माता’ १९४ मिनिटांचा आहे. दोन तासांत संपणारी प्रत मिळाली तर ती कापलेली आहे, सोडून द्या. जुन्या प्रतींचा दुसरा घात रंगात होतो. वर्षानुवर्षं जपणूक न झालेल्या रिळांचे रंग उडून गुलाबी पडतात, आणि निऑनच्या दिव्यांवर उभा असलेला चित्रपट अशा प्रतीत पाहणं म्हणजे न पाहणंच. ‘माय्निला सा मांगा कुको नांग लिवानाग’ची दुरुस्त केलेली प्रत २०१३ मध्ये आली, ‘इन्सियांग’ची २०१५ मध्ये, ‘हिमाला’ची २०१२ मध्ये. याच शोधा, थोडे पैसे गेले तरी. दुसऱ्या महायुद्धाआधीचे फिलिपिनो चित्रपट तर बोटांवर मोजण्याइतकेच उरले आहेत. १९१९ चा ‘दालागांग बुकिद’, तिथल्या माणसानं बनवलेला पहिला कथापट, आज अस्तित्वात नाही. जे वाचलं आहे ते नीट पाहावं.

सुरुवात ‘हेनेराल लुना’पासून

पहिला चित्रपट जेरॉल्ड तारोग यांचा ‘हेनेराल लुना’ घ्या. लांबी दोन तासांच्या आत, वेग चांगला, विनोदही आहे. वहीत लिहा: १८९९ / २०१५.

सुरुवातीलाच पाटी येते की इथे वास्तव आणि कल्पना एकत्र केली आहे. ती वाचा आणि लक्षात ठेवा. ज्याच्यासमोर जनरल लुना आपली हकीकत सांगतो तो तरुण पत्रकार होवेन काल्पनिक आहे. पहिल्याच मोठ्या प्रसंगात आगिनाल्दोचं मंत्रिमंडळ बसलं आहे आणि वाद चाललाय: अमेरिकेशी लढायचं की तिच्या छत्राखाली व्यापार करायचा. इथे घाई करू नका, मागे नेऊन पुन्हा पाहा. कोण जमीनदार आहे, कोण कायद्याची भाषा बोलतो, कोण गप्प बसून अंदाज घेतो, हे नीट कळलं की पुढची दीड तासांची गोष्ट त्याच टेबलावरून निघाली आहे हे समजतं. अंतोनियो लुना अमेरिकेच्या गोळीनं मेला नाही. ५ जून १८९९ रोजी काबानातुआन गावात त्याच्याच बाजूच्या सैनिकांनी त्याला मारलं. २०१५ च्या प्रेक्षकाला ही गोष्ट पुन्हा सांगण्यामागचा सवालही तोच आहे: देश मोठा की आपलं घराणं, आपला प्रांत, आपला धंदा?

दोन गोष्टी नवख्याच्या नजरेतून हमखास सुटतात. एक, आपोलिनारियो माबिनी हा मंत्री सबंध चित्रपटभर बसलेला का असतो? त्याचे पाय लुळे पडले होते. चित्रपट ते सांगत बसत नाही, आणि तिथल्या शाळकरी मुलांनीही हाच प्रश्न विचारल्याचं ती भूमिका करणाऱ्या नटानं सांगितलं, तेव्हा शाळांत इतिहास कसा शिकवला जातो यावर देशभर चर्चा झाली. दुसरी, लुना आणि त्याच्या साथीदाराचे देह ओढत नेतात ते दृश्य. ते एका चित्रावर बेतलेलं आहे. जनरलचा सख्खा भाऊ हुआन लुना हा चित्रकार, आणि त्याच्या १८८४ च्या ‘स्पोलियारियम’ या प्रचंड चित्रात मेलेल्या ग्लॅडिएटरांना रिंगणातून असंच फरफटत नेतात. आधी ते चित्र नेटवर काढून दोन मिनिटं पाहा, मग चित्रपट लावा.

हा आवडला तर तारोग यांचाच ‘गोयो’ (१८९९ / २०१८) घ्या. तिराद खिंडीत २ डिसेंबर १८९९ ला मेलेल्या कोवळ्या जनरलची ही गोष्ट पहिल्यापेक्षा संथ आहे, पण जास्त प्रामाणिक वाटते. नेत्याला देव करून ठेवणाऱ्या लोकांनाही ती मोकळं सोडत नाही.

त्यानंतर एक पाऊल मागे जाऊन पेपे दियोक्नो यांचा ‘गोम्बुर्झा’ (१८७२ / २०२३). तारखांच्या पानावरचे तीन पाद्री ते हेच. भांडण वरवर चर्चच्या आतलं आहे: मोठ्या धर्मगावांचा कारभार स्पेनहून आलेल्या पंथीय पाद्र्यांकडे राहावा की तिथेच जन्मलेल्या पाद्र्यांना मिळावा. पण ‘इथे जन्मलेला माणूस त्या जागेला लायक नाही’ हे एकदा सरकारनं आणि चर्चनं मिळून ठरवलं की भांडण धर्माचं राहत नाही. गोव्याच्या वाचकाला हे सांगायला नको. १७८७ च्या पिंटोंच्या बंडातही वरच्या जागा नाकारलेले देशी पाद्री पुढे होते. रिझाल यांनी आपली दुसरी कादंबरी या तीन पाद्र्यांनाच अर्पण केली. १८७२ मध्ये ते १० वर्षांचे होते.

आता मनिला शहरात उतरा

इथे वेळ द्या. लिनो ब्रोका यांचे तीन चित्रपट तीन वेगवेगळ्या आठवड्यांत पाहा, एका रात्रीत दोन कधीच नकोत.

पहिला ‘माय्निला सा मांगा कुको नांग लिवानाग’, १९७५. हुलियो हा खेड्यातला कोळी तरुण हरवलेल्या प्रेयसीला शोधत राजधानीत आला आहे. सुरुवातीची पहाट काळ्या-पांढऱ्यात आहे, मग रंग येतो. तो क्षण कुठे येतो ते पाहा. तिचं नाव लिगाया पाराइसो, म्हणजे आनंद स्वर्ग, आणि त्याच्या आडनावात चिवट सोशिकतेचा अर्थ देणारा शब्द दडलेला आहे. एवढी उघड नावं ठेवलेली पाहून नवखा प्रेक्षक याला भाबडा रडका चित्रपट समजतो. तसं होऊ नये म्हणून बांधकामावरचे प्रसंग नीट पाहा. उपाशीपोटी ओझं वाहताना हुलियोला भोवळ येते. मजुरीच्या दिवशी कागदावर सही एका रकमेची आणि हातात पडते त्याहून कमी. वर मुकादम सांगतो की पैसे अजून आलेले नाहीत, ज्याला आजच हवेत त्यानं थोडे कापून घ्यावेत. मजुरांनी या लुबाडणुकीला नाव दिलं आहे ‘तैवान’. ब्रोकांचा कॅमेरा हे सांगण्यासाठी कुठेही थांबत नाही. पैसे मोजणारा हात दिसतो, घेणारा हात दिसतो, आणि पुढचा माणूस रांगेत सरकतो. पुढे रस्त्यावरचा मोर्चा येतो, तेव्हा त्याचं कारण तुम्ही आधीच पाहिलेलं असतं.

या चित्रपटाची एक खोटही वहीत नोंदवा. लिगायाला कोंडून ठेवणारा चिनी व्यापारी अगदी एकरंगी खलनायक आहे. फिलिपिन्समधल्या चिनी वंशाच्या लोकांबद्दल तिथे असलेला जुना आकस त्यात उतरला आहे, आणि तिथल्या समीक्षकांनी त्यावर बोट ठेवलेलंही आहे. मोठ्या चित्रपटातला असा डाग पाहून न पाहिल्यासारखं करू नये.

दुसरा ‘इन्सियांग’, १९७६. सुरुवात कत्तलखान्यात होते. डुकरांच्या किंकाळ्या सहन होत नसल्या तर आवाज कमी करा, पण दृश्य पुढे ढकलू नका, कारण शेवटापर्यंत तेच मनात वाजत राहतं. तोंदोच्या वस्तीतली आई, तिचा तरुण प्रियकर, आणि त्याच्या अत्याचाराला बळी पडलेली मुलगी. बलात्कार आणि सूड हा विषय आहे, तेव्हा कोणासोबत पाहायचा ते आधी ठरवा. झोपड्यांच्या फळ्या इतक्या पातळ की एका घरातला श्वास दुसऱ्या घरात ऐकू येतो. कुजबुज, नळावरची भांडणं, उसनं मागणं, सगळं त्या फळ्यांतून चालतं. इथे डावं-उजवं साल एकच, पण महिना पाहा. १९७६ च्या ऑक्टोबरात जागतिक बँक आणि नाणेनिधीची वार्षिक बैठक मनिलात भरली. पाहुण्यांना शहर सुंदर दिसावं म्हणून झोपड्या हटवल्या गेल्या, उरलेल्या भिंतींआड दडवल्या गेल्या. त्याच डिसेंबरात ब्रोकांनी त्या भिंतीमागचं घर पडद्यावर आणलं. १९७८ मध्ये हा चित्रपट कान महोत्सवात दाखवला गेला, आणि तिथे पोचलेला तो पहिला फिलिपिनो चित्रपट.

तिसरा ‘बायान को: कापित सा पातालिम’, १९८४. आपल्याकडे बुडता काडीला धरतो. तागालोग म्हणीतला अडलेला माणूस सुरीचं पातं धरतो, आणि तेच या शीर्षकात आहे. तुरिंग छापखान्यात कामाला आहे. गरोदर बायकोसाठी उचल हवी म्हणून तो युनियनमध्ये जाणार नाही असं लिहून देतो. मग संप होतो. मग बाळंतपण होतं, आणि बिल भरल्याशिवाय रुग्णालय आई-बाळाला घरी सोडत नाही. एक सही आणि एक बिल, यांच्यामध्ये चांगला माणूस चोरीपर्यंत कसा जातो हे पायरीपायरीनं दाखवलं आहे. पाहताना प्रत्येक पायरीवर स्वतःला विचारा, इथे त्यानं दुसरं काय करायला हवं होतं. चित्रपटाची प्रत देशातून चोरून बाहेर नेऊन कानला पोचवली गेली. मायदेशी तो कसा दाखवायचा याचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. १९८५ मध्ये जीपनी नावाच्या प्रवासी गाड्या चालवणाऱ्यांच्या संपाला पाठिंबा दिला म्हणून ब्रोका स्वतः तुरुंगात होते. १९९१ मध्ये मोटार अपघातात ते गेले.

सरळ न बोलता बोललेलं

आता कान तयार झाले असतील. माइक दे लेओन यांचा ‘किसापमाता’ (१९८१) पाहा. नावाचा अर्थ पापणी लवते तेवढा वेळ. निवृत्त पोलीस बाप, लग्न झालेली मुलगी, आणि तिला घराबाहेर जाऊ न देणं. चित्रपटात सरकारचा उल्लेखही नाही. फक्त वहीत पाहा: मार्शल लॉ ‘उठला’ जानेवारी १९८१ मध्ये, आणि डिसेंबरात हा चित्रपट आला, ज्यात बापाच्या तावडीतून कोणी बाहेर पडू शकत नाही.

इश्माएल बेर्नाल यांचा ‘हिमाला’ (१९८२) या काळातला सर्वांत लाडका चित्रपट आहे आणि तसा तो असायलाच हवा. हिमाला म्हणजे चमत्कार. दुष्काळी कुपांग गावातल्या एल्सा नावाच्या मुलीला मेरीमातेचं दर्शन होतं, गाव तीर्थक्षेत्र होतं, दुकानं थाटली जातात. नोरा आउनोर यांचा चेहरा बहुतेक वेळ शांत असतो. त्यांचा आवाज वर चढतो तो शेवटच्या सभेत, हजारोंच्या जमावासमोर. त्या प्रसंगापर्यंत फोन बाजूला ठेवा. नवख्याला गोंधळात टाकणारी गोष्ट ही की या चित्रपटाला पैसा सरकारी संस्थेनं दिला होता, आणि तिची सूत्रं मार्कोस यांच्या कन्येकडे होती. पेके गायागा यांचा ‘ओरो, प्लाता, माता’ (जपानी आक्रमणाचा काळ / १९८२) त्याच संस्थेचा. म्हणजे राजवटीच्या पैशानं राजवटीला झोंबणारे चित्रपट बनले. तेव्हा ‘सरकारी पैसा म्हणजे प्रचार’ असा सरळ हिशेब इथे चालत नाही, प्रत्येक चित्रपट उघडून पाहावा लागतो. ‘ओरो, प्लाता, माता’ ही जिन्याच्या पायऱ्या मोजायची रीत आहे: सोनं, चांदी, मरण, पुन्हा सोनं. शेवटची पायरी मरणावर येऊ नये म्हणून सुतार मोजून बांधतो. नेग्रोस बेटावरच्या साखरबागायतदारांच्या घरात ही मोजणी चुकते.

सरळ बोललेलं हवं असेल तर चितो रोन्यो यांचा ‘देकादा ’७०’ (१९७० चं दशक / २००२). पाच मुलगे असलेल्या मध्यमवर्गीय आईच्या नजरेतून मार्शल लॉ. इथे एक शब्द फसवतो: सॅल्व्हेज. इंग्रजीत त्याचा अर्थ वाचवणं, फिलिपिन्सच्या बोलीत त्याच काळापासून अर्थ उलटा झाला आहे: पकडून नेऊन मारणं आणि प्रेत टाकून देणं. सबटायटलमध्ये हा शब्द जसाच्या तसा येतो आणि प्रेक्षकाला वाटतं माणूस वाचला.

प्रचार ओळखायचा कसा

इतिहासावरचा प्रत्येक चित्रपट इतिहासाच्या बाजूनं असतो असं नाही. १९६५ च्या निवडणुकीआधी मार्कोस यांच्या आयुष्यावर ‘इगिनुहित नांग तादहाना’ हा गौरवपट निघाला होता. सेन्सॉरनं तो अडवला, आणि अडवल्यामुळेच त्याला जास्त प्रसिद्धी मिळाली. २०२२ मध्ये मार्कोस यांचा मुलगा राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आला आणि त्याच ऑगस्टमध्ये ‘मेड इन मालाकान्यांग’ (राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यातली मोलकरीण) आला: फेब्रुवारी १९८६ मधले शेवटचे तीन दिवस, पळून जाणाऱ्या कुटुंबाच्या बाजूनं. त्यात निनॉय अकिनो यांच्या पत्नी कोराझोन यांच्यासारखी दिसणारी बाई जोगिणींबरोबर माहजाँग खेळताना दाखवली. सेबूच्या ज्या कार्मेलाइट मठात कोराझोन अकिनो यांनी त्या दिवसांत आसरा घेतला होता, त्या मठानं जाहीर निवेदन काढलं की आम्ही तेव्हा उपास आणि प्रार्थना करत होतो.

म्हणून पानाच्या तळाशी तीन ओळी ठेवा. पैसा कोणाचा? कोणत्या निवडणुकीच्या आगेमागे आला? ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांच्यापैकी एकाला तरी नाव आणि संवाद आहे का? तिसरी ओळ रिकामी राहिली तर सावध व्हा.

लाव दियाझ यांच्यासाठी एक दिवस

यांचे चित्रपट लांबीमुळे लोक टाळतात. ‘नोर्ते’ (२०१३) २५० मिनिटांचा आहे आणि रंगीत आहे, सुरुवात त्यापासून करा. मग ‘मुला सा कुंग आनो आंग नून’ (१९७० ते १९७२ / २०१४), ३३८ मिनिटं, काळा-पांढरा. मार्शल लॉच्या तोंडावरचं एक दूरचं खेडं. गाई कापलेल्या सापडतात, झोपड्या पेटतात, रानातून हाका येतात. कारण कोणीच सांगत नाही, आणि मग लष्कर येतं. या चित्रपटाला लोकार्नो महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला.

हे पाहायला सुट्टीचा दिवस घ्या, सकाळी दहाला बसा, जेवणासाठी एकदाच थांबा, आणि थांबायचं ते दृश्य संपल्यावर, मध्ये नाही. खोली अंधारी हवी, कारण कितीतरी गोष्टी चौकटीच्या कोपऱ्यातल्या काळोखात घडतात. वेग दीडपट करू नका. माणूस दूरवरून चालत येतो त्याला जितका वेळ लागतो तितका वेळ दियाझ देतात, आणि तुम्ही तो कापलात की लष्कराच्या येण्याची भीतीही कापली जाते. झोप आली तर अर्धा तास झोपा आणि तिथूनच पुढे पाहा.

आजच्या काळात येताना

शेवटी ब्रियांते मेन्दोसा यांचा ‘मा’ रोसा’. मनिलाच्या गल्लीत किराणा-कम-पानटपरीसारखं छोटं दुकान, ज्याला तिथे सारी-सारी म्हणतात. रोसा त्यातून बिस्किटं विकते आणि थोडं शाबूही, म्हणजे अमली पदार्थ. पोलीस उचलून नेतात, गुन्हा नोंदवत नाहीत, सुटकेची किंमत सांगतात. रात्रभरात मुलं पैसे उभे करायला बाहेर पडतात. एक नातेवाइकांपुढे हात पसरतं, एक घरातली वस्तू विकायला काढतं, एक स्वतःलाच विकतं.

बऱ्याच लेखांत हा चित्रपट राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते यांच्या ‘ड्रग वॉर’वरचा, म्हणजे अमली पदार्थांविरुद्धच्या मोहिमेवरचा, म्हणून सांगितलेला आढळतो. इथे वही उघडा. चित्रपट कानला आला मे २०१६ मध्ये आणि जॅकलिन होसे यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. दुतेर्तेंनी शपथ घेतली ३० जून २०१६ ला. म्हणजे पडद्यावरचं पोलीस ठाणं त्या मोहिमेच्या आधीचं आहे, आणि पुढे हजारो माणसं मारण्याचे अधिकार ज्या यंत्रणेच्या हाती गेले ती आतून कशी चालत होती हे इथे दिसतं. त्याच वर्षी जुलैमध्ये दुतेर्तेंच्या पहिल्या राष्ट्रीय भाषणाचं दूरचित्रवाणी दिग्दर्शन मेन्दोसांनीच केलं, हेही त्याच पानावर लिहा. मोहिमेवरच पाहायचं असेल तर आलिक्स आयन आरुम्पाक यांचा ‘आस्वांग’ (२०१९) हा माहितीपट आहे, पण तो वेगळ्या दिवशी.

‘मा’ रोसा’ लावलात की शेवटची तीन मिनिटं उठू नका. उरलेली रक्कम उभी करायला बाहेर पडलेली रोसा रस्त्यावर काडीला टोचलेले माशाचे गोळे विकत घेते. भूक लागलेली असते, म्हणून भराभर खाते. समोर एक कुटुंब दिवसाचा धंदा आटपून आपली छोटी गाडी आवरतंय. ती त्यांच्याकडे बघते, चावत राहते, आणि चावता चावताच तिचे डोळे भरून येतात.